एफवायला मला फिजिक्सने नाही, बँकेने छळलं

बारावीचा निकाल लागला की गावात सगळे विचारतात, कुठे घेतलंस, राहणार कुठे, मेस कशी आहे. बँकेत आधार सीडिंग झालंय का, म्हणजे सरकारी पैसे यायला आधार त्या खात्याशी जोडलंय का, हे एकानेही विचारलं नाही. म्हणून लिहायला बसलेय.

मी राजापूर तालुक्यातली, नाटे गावची. रत्नागिरीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, म्हणजे एफवायला आले. विद्यापीठाची नोंदणी, कॉलेजचा फॉर्म, मेरिट लिस्ट, सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण फी भरायची वेळच अशी वाईट! 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, बाबा पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेले, आणि नेमकं तेव्हाच कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स. त्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर घरच्यांचा डोळा होता. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. आमचं त्याच्या आसपासही जात नाही. दाखला तहसीलचा लागतो. काढताना तीन वर्षांचा काढा, एक वर्षाचा काढलात तर पुढच्या वर्षी पुन्हा तलाठ्यापासून सुरुवात.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरला आणि अडकले ते इथेच. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात. माझं रत्नागिरीतलं खातं नवीन, पासबुक कोरं करकरीत, आधार दिलेलं. पण आधारला जोडलेलं निघालं ते शाळेत असताना उघडलेलं दुसऱ्याच बँकेतलं खातं. त्यावर पालक म्हणून बाबांची सही. मी अठराची झाले, तिथे माझी सही आणि केवायसी नव्याने द्यायला हवी होती, ते कोणी सांगितलंच नाही. दोन वर्षांहून जास्त व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय. म्हणजे पैसे मंजूर झाले असते तरी बंद दारावर जाऊन आपटले असते.

नव्या बँकेत गेले. खिडकीतल्या साहेबांनी स्क्रीनकडे बघून सांगितलं, “आधार लिंक आहे. पुढे कोण?”

“सर, लिंक आहे, पण डीबीटीसाठी सीडिंग नाही.”

“तेच ते. पुढे कोण?”

तेच ते नाही हो! आधार केवायसीसाठी खात्याला लावलेलं असणं वेगळं, आणि एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे, त्याची यादी) तुमच्या आधारसमोर त्या बँकेचं नाव असणं वेगळं. डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात येणारे सरकारी पैसे मॅपर बघून जातात. एका आधारसमोर एकच बँक. हे मला एफवायच्या पोरीला कळतं आणि रोज त्या खुर्चीत बसणाऱ्याला कळत नाही, याचा राग अजून जात नाही. बँकेची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ एकच. लेक्चर सुटून धावत जावं तर जेवणाची सुट्टी, नाहीतर सर्व्हर डाऊन. जुलैचा पाऊस आडवा लागलेला, छत्रीचा उपयोग शून्य, फायलीतल्या झेरॉक्स एकमेकींना चिकटलेल्या. (प्लॅस्टिकची चेनवाली फाईल घ्या, पुठ्ठ्याची नको.) तिकडे हजेरी 75 टक्के हवी आणि मॅडम विचारतायत, गेल्या प्रॅक्टिकलला कुठे होतीस? बँकेत, असं सांगितलं की वर्ग हसतो.

मार्ग दाखवला तो कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी. त्यांनी माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून दिलं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तेव्हा तो मोबाईल जवळ असू द्या. माझा नंबर बाबांचा, बाबा नाट्याला, रेंज असली तर ओटीपी. स्क्रीनवर जुन्या बँकेचं नाव आलं. त्याची प्रिंट घेतली. मग सीडिंगचा संमती फॉर्म नीट वाचला. त्यात नवीन सीडिंगचा चौकोन वेगळा आणि दुसऱ्या बँकेकडून इकडे बदलायचा वेगळा. बदलायचं असेल तर आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. माझ्या फॉर्मवर साहेबांनी दरवेळी पहिल्याच चौकोनात टिक केली होती! मी प्रिंट आणि नवीन भरलेला फॉर्म घेऊन सरळ मॅनेजर मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी एकदा वाचलं, सही केली, पोच दिली. थोड्याच दिवसांत स्टेटस बदललं. त्या दिवशी मी मारुती मंदिरला एकटीने वडापाव खाल्ला आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पोच मात्र घ्याच, शिक्क्यासकट.

बाकी एफवाय? लेक्चर इंग्रजीतून, पहिले काही आठवडे डोक्यावरून गेलं, मग कान सरावले. नव्या शैक्षणिक धोरणात सेमिस्टरला 22 क्रेडिट (श्रेयांक). मेजर, म्हणजे मुख्य विषय, सोडून इतके लहानसहान विषय असतात की त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि केटी (नापास झालेला विषय पुन्हा द्यायचा) तिथेच बसते. आमच्या खोलीत दोघींची तशीच बसली. जर्नल आठवड्याच्या आठवड्याला तपासून घ्या. गणपतीला घरी जाऊन पूर्ण करू म्हणणाऱ्यांची जर्नलं कोरीच परत येतात, आरत्या आणि मोदकांत कोण लिहिणार? घरमालकीण काकी रात्री दारात येऊन “जेवलीस काय गो?” विचारते, तेवढ्यावर घरची आठवण निभावली.

हां, एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी राहिला. बारा आकडी असतो, डिजीलॉकरवरून निघतो, क्रेडिट त्यावर जमा होतात. आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. आमच्यातल्या एकीचं आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं, तिचं अजून चाललंय.

पैसे दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आले. आता एसवायला रिन्यूअलचा फॉर्म भरायचाय. तो भरायच्या आधी सीडिंगचं स्टेटस पुन्हा बघणार आहे, कारण मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या बँकेत सीडिंग केलं तर मॅपरवरचं नाव परत बदलतं. आणि बाबांना सांगितलंय, कुठल्याही योजनेसाठी माझं आधार घेऊन नवीन खातं उघडायचं नाही.