न लावलेली सलाईन

जानेवारीत ऊसतोडीचा हंगाम भरात असतो आणि सांगली जिल्ह्यातल्या आमच्या रुग्णालयात बीडकडून आलेल्या टोळ्यांतल्या बायका, आधीच्या तपासणीचा एकही कागद हाती नसताना, कळा सुरू झाल्यावरच दाखल होतात. त्या रात्रीची बाईही तळावरच्या कोपीतून तशीच आली होती. चौथी खेप, आधीच्या तिन्ही प्रसूती सरळ. अशा बाईच्या बाबतीत डॉक्टर जरा निर्धास्तच असतो. मी क्वार्टरवर झोपलो होतो.

दोनच्या सुमारास सिस्टरांचा फोन आला. पिशवीचे तोंड तीन तासांपासून सात सेंटिमीटरवरच अडले होते, कळा चांगल्या होत्या, बाळाचे ठोके १४०. मी झोपेतच म्हणालो, "पिटोसिन लावा," म्हणजे कळा वाढवणाऱ्या औषधाची सलाईन. पलीकडून क्षणभर काहीच आले नाही. मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही एकदा येऊन बघा, मग लावते." मला राग आला, आणि तो मनात धरूनच मी प्रसूतिगृहात शिरलो.

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती वेळोवेळी नोंदण्याचा तक्ता, समोर होता. प्रसूती उरकल्यावर एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेले पार्टोग्राफ मी पुष्कळ पाहिले आहेत. हा तसा नव्हता. दर अर्ध्या तासाचे ठोके नोंदलेले होते आणि आलेख, प्रसूती रेंगाळल्याचा इशारा देणारी अलर्ट रेषा ओलांडून, निर्णय घ्यायलाच लावणाऱ्या अ‍ॅक्शन रेषेकडे सरकत होता. मी तपासले. बोटाला आधी पुढची मोठी टाळू लागली, आणि बोट आणखी सरकवल्यावर डोळ्याच्या खोबणीची कड व नाकाचे मूळ. बाळ कपाळाने येत होते. हनुवटी छातीला टेकलेली असली की डोके साडेनऊ सेंटिमीटरच्या व्यासाने उतरते. कपाळ पुढे असले की तोच व्यास साडेतेरापर्यंत जातो आणि पूर्ण दिवसांचे बाळ त्या स्थितीत खाली येत नाही. पहिलटकरणीची पिशवी अशा वेळी बहुधा थकून थांबते, पण चौथ्या खेपेची थांबत नाही, ती फाटेपर्यंत जोर करत राहते. त्यात मी वर पिटोसिन द्यायला सांगितले होते.

भूलतज्ज्ञ शहरातून येईपर्यंतची चाळीस मिनिटे सोडली, तर पुढचे नेहमीचे. सिझेरियनने मुलगी झाली, कपाळावर मोठी सूज, पण रडणे खणखणीत.

पहाटे केसपेपर चाळला. सिस्टरांच्या बारीक अक्षरात "डॉक्टरांना कळवले" आणि वेळ, एवढेच होते. हे वाक्य म्हणजे परिचारिकांची ढाल असते, पण इथे त्यांनी ते माझ्यासाठीही वापरले होते, कारण माझी फोनवरची ऑर्डर कुठेच नव्हती आणि त्यांचा नकारही नव्हता. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परिचारिकांना १८ महिन्यांचे मिडवायफरी प्रशिक्षण देऊन सरळ प्रसूती त्यांच्यावर सोपवायच्या आहेत. आमच्याकडे मात्र वीस वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईला एक सलाईन थांबवण्यासाठी आर्जव करावे लागते.

मी त्यांना विचारले, तपासताना तुम्हाला टाळू लागली होती तर फोनवर का सांगितले नाही?

"मागच्या वर्षी असंच सांगितलं होतं, सर. तेव्हा 'निदान तुम्ही करू नका' असं ऐकावं लागलं."

कोणाकडून, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मागच्या वर्षी रात्रपाळीला आम्ही दोनच डॉक्टर होतो.