‘किंग लिअर’मधला निनावी सेवक

शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ हे नाटक ठरलेल्या वेळेत बसत नव्हते, म्हणून तिसऱ्या अंकाच्या सातव्या प्रवेशातला सेवकाचा विरोध गाळावा, अशी सूचना तालमीत पुढे आली. दिग्दर्शक म्हणून निर्णय माझा होता. तो प्रवेश त्याच दिवशी दोन्ही प्रकारे उभा करून पाहायचे मी ठरवले.

वृद्ध राजा लिअरला डोव्हर बंदराकडे पाठवल्याबद्दल राजाचा जावई कॉर्नवॉल म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरला त्याच्याच घरात खुर्चीला बांधतो आणि त्याचा एक डोळा फोडतो. कॉर्नवॉलची बायको, राजाची मुलगी रीगन दुसराही फोडायला सांगते, तेव्हा लहानपणापासून कॉर्नवॉलच्या पदरी असलेला एक सेवक पुढे येऊन धन्याला हात आवरायला सांगतो. आजवर तुमची याहून मोठी सेवा मी केलेली नाही, असे म्हणतो. झटापटीत कॉर्नवॉल जखमी होतो आणि रीगन दुसऱ्याची तलवार घेऊन त्या सेवकाला पाठीमागून ठार करते. शेक्सपिअरने त्याला नावही दिलेले नाही.

गाळलेल्या रूपात दोन्ही डोळे एकापाठोपाठ गेले. नटांची कामे चोख झाली, पण पाहणाऱ्यांचे लक्ष रक्त कुठून आले आणि हात कसा फिरला याकडेच राहिले.

मग सेवकाचे काम करणाऱ्या तरुण नटाने विचारले, ‘सर, बोलण्याआधी हा माणूस काय करत असतो?’ त्या दिवसाचे सारे महत्त्व या प्रश्नात आहे. ग्लॉस्टरचे हात घट्ट बांधा, हा हुकूम सेवकांना आहे. डोळा फोडण्यापूर्वी खुर्ची धरून ठेवा, हाही सेवकांनाच. कोणी बांधले, कोणी धरले, हे संहितेत नाही. आम्ही ती दोन्ही कामे त्यालाच दिली. त्याने दोर आवळला, खुर्ची धरली, आणि पहिला डोळा गेला तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगाचा थरकाप त्याच्या हातांपर्यंत पोचला. मग तो जे बोलला त्यात वीरश्रीचा लवलेश नव्हता. स्वतःच्या हातांनी चाललेले काम त्याला सोसवेना, एवढेच होते. कॉर्नवॉल झालेला अनुभवी नट क्षणभर खरोखरच गोंधळला, कारण खुर्चीमागून कोणी बोलेल हे त्या सरदाराच्या कल्पनेतही नसते.

मरता मरता सेवक ग्लॉस्टरला सांगतो की, तुमचा एक डोळा अजून शाबूत आहे, यांचे काय होते ते पाहायला. आणि ते ऐकूनच कॉर्नवॉल तोही फोडतो. दया दाखवणाऱ्याचेच वाक्य त्या डोळ्याच्या नाशाचे निमित्त व्हावे, यापेक्षा भयंकर जागा मला या नाटकात दुसरी दिसत नाही. कथानकही इथेच वळते. जखमेने कॉर्नवॉल मरतो, विधवा रीगन आणि तिची बहीण गॉनरिल ग्लॉस्टरच्या अनौरस मुलासाठी, एडमंडसाठी, एकमेकींच्या जिवावर उठतात, आणि अखेरीस एक विषाने मरते, तर दुसरी स्वतःला भोसकून घेते.

सेवक राहिला. वेळेसाठी राजाचा निष्ठावंत केंट आणि गॉनरिलचा कारभारी ऑस्वल्ड यांच्या भांडणाला कात्री लावली. १६०८च्या छापील प्रतीत प्रवेशाच्या शेवटी उरलेले दोन सेवक ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यासाठी जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणायचे ठरवतात. १६२३च्या प्रतीत हे संवाद नाहीत, आणि इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूक यांनीही १९६२च्या प्रयोगात ते गाळले होते. त्यांच्या प्रयोगातल्या निष्ठुर जगाला ते गाळणे साजेसे होते, पण आम्ही ते संवाद ठेवले.

प्रश्न उरला पाचव्या अंकातल्या कप्तानाचा. तोही निनावी. माणसाने करण्याजोगे काम असेल तर करीन, असे सांगून तो राजाच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, फाशी देण्याचा हुकूम घेऊन जातो. नट मोजके असल्याने ही भूमिका मेलेल्या सेवकाच्याच नटाला द्यायचे ठरले होते. ते मी बदलले. कप्तानाचे काम मी आमच्या चौथ्या, संपूर्ण मूक सेवकाच्या नटाकडे दिले, ज्याच्या हातातून रीगन तलवार घेते आणि जो ती घेऊ देतो.