सतरा नंबरची नारिंगी पाटी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी भाचा जानेवारीत डॅलसहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून चॉकलेटांबरोबर प्लॅस्टिकची एक नारिंगी पाटी निघाली. तंबूसारखी दुमडलेली, दोन्ही अंगांना 17 हा आकडा. व्हॉटाबर्गर या तिकडच्या बर्गर-साखळीच्या दुकानात ऑर्डर दिली की अशी पाटी हाती देतात. ती टेबलावर उभी करून बसायचे आणि आकडा पाहून वाढणारा बर्गर आणून देतो. पाटी दुकानाची असते, पण ती गुपचूप घरी नेण्याची हौस टेक्सासमध्ये पुष्कळांना आहे. ताईने कपाळाला हात लावला. "इतकं शिकून हाटेलातली पाटी चोरून आणलास होय रे?" त्यावर चिरंजीव माझ्याकडे वळले, "मामा, तुम्हीच सांगा हिला, तिकडं सगळेच नेतात."

मग जेवण होईपर्यंत त्याने त्या दुकानाचे पुराणच लावले. 1950 साली कॉर्पस क्रिस्टी या बंदराच्या गावी हार्मन डॉब्सन नावाच्या गृहस्थाने, दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा मोठा बर्गर विकायचा असे ठरवून एक टपरीवजा दुकान काढले, आणि त्याचा पुढे एवढा पसारा झाला की 2001 साली टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला राज्याचा ठेवा म्हणून गौरवले. 2019 मध्ये डॉब्सन कुटुंबाने बहुतांश हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला विकला, तेव्हा घरचे माणूस परक्यांनी पळवून नेल्यासारखा गहजब झाला. कंपनी शिकागोची होती, हाच तिचा मोठा गुन्हा. "तेव्हापासून चव बिघडली मामा, आधीची मजा राहिली नाही," असे भाचा गंभीरपणे म्हणाला. मी बोटांवर हिशेब केला. हा टेक्सासात गेला 2021 साली.

मी त्याला हसलो नाही, कारण आपल्या गावातही हेच चालते.

आमच्या घराजवळ एक वडेवाले आहेत. नाव लिहीत नाही. पुढे त्यांच्याबद्दल तक्रार करायची आहे. माझे वडील गिरणीची पाळी सुटल्यावर तिथे थांबत आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले चार वडे घरी आणत. तिथे ना पाटी ना टोकन. कढईभोवती वीस माणसे उभी असली तरी कोणाचे किती आणि कोणाचा पाव नको, हे झारा धरलेल्या माणसाच्या डोक्यात पक्के असते. पहिला घाणा दुपारी चारला निघतो. वड्याचे आवरण पातळ असते, इतके की आतल्या बटाट्याचा पिवळेपणा बाहेरून दिसतो, आणि तळलेली मिरची मागून घ्यावी लागत नाही.

काही वर्षांपूर्वी त्यांनी जुळे सोलापुरात दुसरी शाखा काढली. फरशी चकचकीत, बसायला खुर्च्या, कर्मचाऱ्यांना टोप्या. सारण मात्र जुन्याच दुकानात तयार होऊन स्टीलच्या डब्यांतून रिक्षाने जाई. झाकलेल्या डब्यात गरम बटाट्याला पाणी सुटते, ओल्या गोळ्यावर बेसन धरत नाही, वडा कढईत फुटतो आणि आत तेल शिरते. हे टाळण्यासाठी तिथल्या पोराने पीठ घट्ट भिजवायला सुरुवात केली. वडा फुटायचा थांबला, पण आवरण बोटभर जाड झाले. आम्ही चौघे मित्र मुद्दाम गाड्या काढून गेलो, प्रत्येकी एक वडा खाल्ला आणि परतताना एकमेकांशी फारसे बोललो नाही. एकाने तेवढे विचारले, "हे काय खाल्लो बे आपण?"

साखळी चालवणाऱ्यांना या अडचणी ठाऊक असतात, हे मान्य केले पाहिजे. कल्याणला 2004 साली सुरू झालेल्या गोली वडापावने वडे कारखान्यात यंत्रावर करून, गोठवून दुकानांना पाठवायची वाट धरली. तिथे आचारी रजेवर गेला म्हणून चव बदलत नाही, सारण रिक्षात नासत नाही. हिशेबाला हे चोख आहे. पण जिथे कोणाची चूकच होत नाही, तिथे भांडायला जाणार कोणाशी? कॅलिफोर्नियाच्या इन-एन-आउट या बर्गरवाल्यांनी उलटा मार्ग घेतला. 1948 पासून ते दुकान एकाच कुटुंबाकडे आहे, त्यांनी फ्रँचायझी दिली नाही, दुकानांत फ्रीझर ठेवला नाही, आणि ताजा माल जितका लांब पोहोचेल तितकेच हातपाय पसरले. आमच्या वडेवाल्यांना हे कोणी सांगितले असते तर रिक्षाभाडे तरी वाचले असते.

सोलापूरच्या पूर्वभागात, जिथे तेलुगू कारागिराची सकाळ पॉवरलूमच्या खडखडाटात सुरू होते, तिथल्या इडलीच्या गाड्यांना शाखेचा मोह झालेला मी पाहिला नाही. तेलुगूत ऑर्डर, मराठीत हिशेब, नऊपर्यंत पातेले रिकामे.

जुळे सोलापुरातल्या शाखेचे शटर दोन वर्षांतच कायमचे खाली आले. ही बातमी ज्याने आणली त्याच्या आणि माझ्याही मनात दुःखाचा लवलेश नव्हता, हे कबूल करताना थोडी लाज वाटते. कोणाचे तरी कर्ज बुडाले असेल, टोप्या घातलेली पोरे घरी बसली असतील. आणि आम्ही 'बरे झाले' म्हणत जुन्या कढईपाशी उभे होतो.

सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी भाच्याला घेऊन तिथेच गेलो. चारचा घाणा निघत होता. शेजारी शाळेच्या गणवेशातला एक मुलगा उभा होता, फार तर आठवीतला. त्याने वडा फोडला, फुंकर घातली, अर्धा तोंडात टाकला आणि आपल्या मित्राला म्हणाला, "पहिल्यासारखा राहिला नाही बे." भाच्याने मान डोलावली. झारा धरलेल्या माणसाने वरही न बघता त्या मुलाच्या कागदावर आणखी एक मिरची टाकली.