आईचे गुडघे आणि किनोसाकीचं गरम पाणी

आईने गाडीतच सांगून टाकलं, "मी खोलीतच आंघोळ करीन. तू ये जाऊन." ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या हौदात अंगावर चिंधीही न ठेवता उतरायचं असतं, हे तिला कळलं होतं. आई चिपळूणची. अरवलीची आणि राजवाडीची कुंडं तिची लहानपणापासून पाहिलेली, पण तिथे बायका अंगावरच्या लुगड्यानिशी पाण्यात उतरायच्या.

मी जपानमध्ये, ओसाकाला नोकरी करते. आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती, आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना हे पाणी लाभावं अशी माझी फार इच्छा होती. ओसाकाहून किनोसाकीला, म्हणजे गरम झऱ्यांच्या त्या गावाला, थेट गाडी आहे, पावणेतीन तासांची. गाडीचं नाव 'कोउनोतोरी', म्हणजे करकोचा. एक करकोचा आपला दुखावलेला पाय इथल्या पाण्यात बुडवून बरा करत होता, त्यावरून लोकांना झऱ्याचा पत्ता लागला, अशी गावची कथा आहे. ती ऐकून आई म्हणाली, "म्हणजे पायांचंच दैवत म्हणायचं." एवढ्यावरच मला धीर आला.

खरी धडपड मात्र महिनाभर आधी झाली होती. जुन्या पद्धतीच्या उतारूघराला र्योकान म्हणतात. तिथलं भाडं बहुधा माणशी असतं, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून. आई पक्की शाकाहारी. नुसतं "मांस-मासे नकोत" म्हणून भागत नाही, कारण सूप, भाज्या, सॉस, सगळ्याच्या मुळाशी 'दाशी', म्हणजे पाण्यात उतरवलेला अर्क, असते आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाची असते. एका ठिकाणी नम्रपणे नकार मिळाला. दुसऱ्या ठिकाणी मी जपानीत सविस्तर लिहिलं : मासे नकोत, माशाची दाशीही नको, कोंबू या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंब्यांची चालेल. त्यांनी होकार दिला. हे बुकिंगच्या वेळीच कळवायचं; पोचल्यावर सांगितलं तर स्वयंपाकी काही करू शकत नाही. शिवाय आम्ही एप्रिलमध्ये गेलो. नोव्हेंबर ते मार्च तिथे खेकड्यांचा हंगाम असतो आणि भाडी चढलेली असतात.

दुपारी तीनला पोचलो. दाराशी चपला काढल्या, आतल्या सपाता घातल्या, मग खोलीच्या तोंडाशी त्याही काढल्या, कारण तातामीवर, म्हणजे गवती चटयांच्या जमिनीवर, अनवाणी किंवा मोजे घालूनच चालायचं. संडासाच्या सपाता वेगळ्या. आईला यातलं काहीच शिकवावं लागलं नाही.

आमची व्यवस्था बघणाऱ्या नाकाई-सान साठीच्या असतील. त्यांनी चहा आणि गोड पदार्थ पुढे ठेवला, मग युकाता आणून दिले. आईने तो सुती झगा अंगाभोवती गुंडाळला, उजवी बाजू वर घेऊन. त्या लगबगीने पुढे आल्या, गुडघ्यांवर बसल्या, एक शब्द न बोलता पट्टा सोडला, डावी बाजू उजवीवर आणली आणि ओबी, म्हणजे तो पट्टा, पुन्हा घट्ट बांधला. शेवटी आईच्या पाठीवरची चुणी दोन्ही हातांनी सपाट केली. आई लहान मुलीसारखी हात पसरून उभी होती. उजवी बाजू वर घेतात ती मृताला कपडे घालताना, हे मी तिला नंतर सांगितलं. आई म्हणाली, "भाषा येत नाही, पण माया कळते गं."

कोणाला संकोच वाटत असेल तर मी हेच सुचवेन : आधी काशिकिरी हौद घ्या. ठराविक वेळेपुरता तो फक्त आपल्यासाठी असतो, आतून कडी लावता येते. बऱ्याच र्योकानमध्ये ही सोय असते. आम्ही जेवणाआधी तो घेतला. बुटक्या स्टुलावर बसून आधी साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, केस वर बांधायचे, आणि मगच पाण्यात उतरायचं. हौद अंग धुण्यासाठी नसतोच, तो शेकण्यासाठी असतो. छोटा पंचासुद्धा पाण्याला लागू द्यायचा नाही. लोक त्याची घडी डोक्यावर ठेवतात. स्टूल फारच बुटकं, म्हणून मी आईला हाताला धरून बसवलं. मग ती म्हणाली, "फीर मागे, पाठ चोळते." दिवाळीच्या पहाटे उटणं लावायची तसाच तिचा हात, खालून वर. मी बारा वर्षांची झाल्यापासून तिने माझी पाठ चोळली नव्हती. दोघीही काही बोललो नाही.

पाणी चांगलंच कढत होतं. आईला रक्तदाबाची गोळी असते, म्हणून पाच मिनिटं आत, मग काठावर, मग पुन्हा पाच मिनिटं, असं केलं. "गंधकाचा वास कसा नाही?" तिने विचारलं. इथलं पाणी खारट आहे, गंधकाचं नाही.

जेवणात तोफू, बांबूचे कोंब, डोंगरातल्या रानभाज्यांची भजी आणि भात. जेवून येईपर्यंत खोलीत गाद्या घातलेल्या होत्या. जमिनीवरून उठणं आईला जड जातं, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी दोन-दोन गाद्या एकावर एक घातल्या होत्या.

पण किनोसाकी र्योकानच्या आत नाही, रस्त्यावर आहे. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत. र्योकानमध्ये उतरणाऱ्यांना त्यांचा पास मिळतो. गावकरी म्हणतात, सगळं गाव मिळून एकच र्योकान : स्टेशन हे दार, रस्ते हे व्हरांडे, उतारूघरं या खोल्या आणि ही स्नानगृहं म्हणजे न्हाणीघरं. १९२५ च्या भूकंपात आणि आगीत गाव बेचिराख झालं, तरी ते पुन्हा याच रीतीने उभं राहिलं. रात्री नदीकाठी विलोच्या झाडांखालून लोक युकाता घालून हिंडत होते, गेतांचा, म्हणजे लाकडी खडावांचा, टकटक आवाज येत होता. आई गेता घालून बेताबेताने चालली, माझ्या दंडाला धरून. त्या सातांपैकी एका स्नानगृहाच्या, गोशो-नो-यूच्या दाराशी थांबली. आतून दोन म्हाताऱ्या बाहेर आल्या, गाल लालबुंद, एकमेकींचा हात धरून.

"त्या माझ्याच वयाच्या आहेत," आई म्हणाली.

आत कोणीही कोणाकडे बघत नव्हतं. आईने स्टूल ओढलं, केस वर बांधले, बादली भरून घेतली आणि मला म्हणाली, "तू काय उभी? बस, पाठ कर इकडे."