उलट बाजूची माया

सोमवार, रात्र

दुरुस्तीसाठी आलेला गडद निळा झगा आज अखेर टेबलावर उलटा करून पसरला. जुना पोशाख हाती आला की सुलट बाजू मी नंतर पाहते. सुलट बाजू चारचौघांना दिसायची असते, म्हणून ती सगळेच नीट करतात. इथे कोण बघणार आहे, असे म्हणण्याची सोय असतानाही जिथे हात आखडलेला नाही, तिथे शिवणारीची खरी पारख होते.

या झग्यावर कुठल्याही पेढीच्या नावाची पट्टी नाही. कापड रेयॉनच्या क्रेपचे आहे, खांद्यांत कापसाच्या लहान गाद्या आहेत, शिवणींच्या कडा दातेरी कात्रीने कापलेल्या आहेत आणि डाव्या कुशीत धातूची आखूड चेन आहे. एवढ्यावरून तो १९४० च्या आगेमागे शिवलेला असावा, असे मी धरून चालते. त्याआधीच्या पोशाखांच्या कुशीत बहुधा टिचबटणांची नाहीतर हुकांची रांग सापडते; स्त्रियांच्या पोशाखांत चेन रुळली ती १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९३५ मध्ये पॅरिसमधल्या पोशाखकार एल्सा स्कियापरेलीने प्लॅस्टिकच्या रंगीत चेन मुद्दाम दर्शनी भागावर लावून त्यांचाच दागिना केला. या झग्याच्या अनामिक शिवणारीने मात्र चेन कापडाच्या घडीखाली इतकी बेमालूम लपवली आहे, की बोट फिरवल्याशिवाय ती लागत नाही. ती मशीनवर न बसवता हाताने, एकेक बारीक टाका मागे घेत बसवलेली आहे. असा टाका सुलट बाजूला टाचणीच्या टोकाएवढाच दिसतो आणि कापडाला ओढ बसू देत नाही.

कंबरेच्या आतून एक जाड, रेघांची फीत फिरवलेली आहे आणि तिला तिचे स्वतःचे दोन हूक आहेत. झगा घालताना आधी ही फीत कंबरेला लावायची आणि मग चेन ओढायची. घेराचे सगळे वजन या फितीवर तोलले जाते, त्यामुळे वरच्या भागाच्या शिवणी आणि चेन यांना काहीच ओढावे लागत नाही. ही युक्ती जुनी आहे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थच्या पॅरिसमधल्या पेढीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पोशाखांतही कंबरेची फीत असे आणि पेढीचे नाव तिच्यावरच विणलेले असे. म्हणजे स्वाक्षरी जिथे भार पडतो तिथेच. खांद्याच्या आत, दोन्ही बाजूंना, बोटभर लांबीची एक अरुंद फीत आणि तिच्या टोकाला इवलेसे टिचबटण आहे. आतल्या वस्त्राचा पट्टा घसरून गळ्याबाहेर डोकावू नये, एवढ्यासाठी कोणीतरी ही दोन बटणे हाताने बसवली. आजच्या महागड्या कपड्यांतही मला ती क्वचितच सापडतात.

पण आज मी सर्वांत जास्त वेळ कुशीच्या शिवणीजवळ रेंगाळले. शिवणीच्या पलीकडे जे कापड जास्तीचे सोडतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. हा शब्द ज्याने प्रथम वापरला, त्याला शिवणकाम नुसते येत नसावे, समजतही असावे. या झग्याच्या कुशीत दोन्हीकडे चांगली इंचभर माया आहे आणि हेमाला, म्हणजे खालच्या दुमडीला, चार बोटे कापड दुमडलेले आहे. दिव्यासमोर धरले, तेव्हा आताच्या शिवणीला समांतर अशा जुन्या टाक्यांच्या भोकांच्या दोन ओळी दिसल्या. मूळ शिवण आतल्या ओळीवर होती. ती उसवून झगा बाहेरच्या ओळीवर सैल केला गेला आणि पुढे केव्हातरी तो निम्मा परत आवळला. बाळंतपण, आजारपण, की झगाच दुसरीच्या अंगाला गेला, हे भोके सांगत नाहीत. एवढे मात्र दिसते, की ज्या दिवशी कापड बेतले गेले, त्या दिवशीच अंग बदलणार हे शिवणारीने गृहीत धरले होते.

बुधवार

आज उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपे कापलेल्या, कापडाविषयी लिहायचे आहे, कारण झग्याच्या घेराचे पुढचे दोन तुकडे उरेब कापलेले आहेत आणि दुपारभर मी त्यांच्याशीच झगडत होते.

विणलेले कापड म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांची चौकडी. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढले तर ते जवळजवळ हलत नाही, आडव्या दिशेने किंचित देते. पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, ४५ अंशांत ओढले, की चौकडीतल्या प्रत्येक चौकोनाचा तिरपा चौकोन होतो आणि तेच कापड लांबते, अरुंद होते, अंगावरून पाण्यासारखे उतरते. ताण काढून घेतला की ते जवळजवळ पूर्ववत होते. टक्स, म्हणजे कापड आवळणाऱ्या शिवलेल्या चुण्या, न घालता, आकार ताठ धरणाऱ्या हाडांच्या पट्ट्या न घालता, पोशाख अंगाला लागून बसतो तो एवढ्याच गुणावर. उरेब पट्टी गळ्याला आणि मुंढ्याला लावणे पूर्वीपासून चालत आले होते. अख्खा पोशाख उरेब कापण्याचे शास्त्र मात्र १९२० आणि १९३० च्या दशकांत पॅरिसमधल्या पोशाखकार मादलेन व्हिओने हिने पूर्णत्वाला नेले. ती चित्र काढून सुरुवात करत नसे. एका लहान लाकडी बाहुलीवर ती कापड गुंडाळून, टाचून, कापून पाहत असे आणि बाहुलीवर जमलेला बेत नंतर पूर्ण मापात उतरवला जाई. तिचे कित्येक पोशाख जमिनीवर पसरले तर नुसते चौकोन, त्रिकोण आणि वर्तुळाचे तुकडे दिसतात. अंगावर चढल्याशिवाय त्यांना आकारच नसतो. तिच्या कल्पना इतक्या चोरल्या जात, की ती प्रत्येक पोशाखाचे पुढून, मागून आणि बाजूने छायाचित्र काढून ठेवी आणि आतल्या पट्टीवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवी.

उरेब कापड शिवताना घाई चालत नाही, हे मी एकदा स्वतःचे साडेतीन मीटर क्रेप वाया घालवून शिकले आहे. घेराचे डावे-उजवे दोन्ही तुकडे मी कापडाच्या एकाच तिरकस दिशेने कापले, तेव्हा टेबलावर काही बिघडलेले दिसेना; अंगावर घातल्यावर मात्र सगळा घेर हळूहळू एका बाजूला वळत गेला आणि कुशीची शिवण गुडघ्याजवळ पुढे आली. दोन्ही तुकडे आरशातल्या प्रतिबिंबासारखे एकमेकांच्या उलट दिशेने बेतायचे असतात, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याने फिटते. शिवाय शिवण झाल्यावर झगा निदान एक दिवस टांगून ठेवावा लागतो. कापड स्वतःच्या वजनाने जिथे जेवढे उतरायचे तेवढे उतरते, खालची कड वेडीवाकडी होते, आणि मग जमिनीपासून मापून ती सरळ कापून हेम घालायचे. निळ्या झग्याच्या शिवणारीने हे सगळे केले आहे. आजही त्याची खालची कड टेबलावर लाटेसारखी वाकडी आणि पूर्ण मापाच्या बाहुल्यावर चढवली की पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते.

शुक्रवार

थोडेच लिहिते. तुलनेसाठी माझ्या कपाटातला एक लोकरी पोशाख काढला. त्याच्या गळ्यात चकती कापल्यासारख्या दिसणाऱ्या दोन सी आणि ४१ असा आकडा असलेली पट्टी आहे. हे ब्रिटनच्या युद्धकाळातल्या युटिलिटी, म्हणजे सरकारी नियमांत बसणाऱ्या काटकसरीच्या, कपड्यांचे चिन्ह. १ जून १९४१ रोजी तिथे कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षासाठी प्रौढ माणसाला ६६ कूपन मिळाले आणि एका लोकरी पोशाखालाच त्यांतली ११ लागत. पुढच्या वर्षी बटणे किती, चुण्या किती, यांवरही नियम आले आणि शोभेचे काम वर्ज्य झाले. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज यांच्यासारख्या नामांकित पोशाखकारांनी १९४२ मध्ये या मर्यादांत बसणारे नमुने करून दिले.

या पोशाखात माया बेताची आहे, हेम अरुंद आहे, गोट नाही, झालर नाही. तरीही तो दरिद्री दिसत नाही, कारण सगळे कसब शिवणी कुठे घालायच्या यात आहे. पुढच्या भागावरची एक तिरपी शिवण एकाच वेळी टक्सचे काम करते, खिशाचे तोंड लपवते आणि नजर कंबरेकडे नेते. एका रेघेकडून तीन कामे करून घेणाऱ्याला मी कलाकुसर करणाऱ्यापेक्षा वरचढ मानते, आणि या बाबतीत माझा पक्षपात मला मान्य आहे.

रविवार

टंचाई संपत आली, तसे कापड पुन्हा उधळले गेले. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ख्रिश्चन डिऑरने पॅरिसमध्ये आपला पहिला संग्रह मांडला. बारीक कंबर, भरलेले नितंब आणि पोटरीपर्यंतचा प्रचंड घेर. त्या घाटातल्या नंतरच्या एका पोशाखाचे अस्तर मला पूर्वी दुरुस्त करावे लागले होते. आत हाडांच्या पट्ट्या घातलेली स्वतंत्र चोळी, तिला जोडलेले जाळीच्या कापडाचे परकर, प्रत्येक तुकड्यामागे दुसरे कापड, आणि हेमात घोड्याच्या केसांच्या धर्तीवरची ताठ पट्टी, असा तो सगळा डोलारा होता. खुर्चीवर ठेवला तर तो बसूनच राहायचा. त्यातल्या बांधणीला मी मनापासून दाद दिली. तो दिवसभर घालून वावरण्याची कल्पना मात्र मला आजही नकोशी वाटते.

माझे मन जडते ते स्पॅनिश पोशाखकार क्रिस्तोबाल बालेन्सियागाच्या कामावर. तो स्वतः बेतू, कापू आणि शिवू शकणारा माणूस होता आणि बाहीचा त्याला ध्यासच होता. मनासारखी न बसलेली बाही तो उसवून पुन्हा लावी. त्याचे पोशाख अंगाला चिकटत नाहीत. अंग आणि कापड यांच्यामध्ये हवा राहते. १९५८ मध्ये अब्राहम या स्विस कंपनीने त्याच्यासाठी गाझार नावाचे ताठ रेशमी कापड तयार केले, ते याच हवेसाठी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१७ च्या प्रदर्शनासाठी त्याच्या पोशाखांची क्ष-किरण छायाचित्रे काढून घेतली होती. वरून सहज तरंगणाऱ्या कापडाच्या आत दडवलेल्या हाडांच्या पट्ट्या आणि नेमक्या जागी लावलेली छोटी वजने त्यांत दिसतात.

बाहीचा विषय निघालाच आहे तर काखेतल्या चौकोनाबद्दल लिहायला हवे. १९५० च्या दशकातल्या पुष्कळ पोशाखांत बाही वेगळी जोडलेली नसते. ती वरच्या भागाबरोबर अखंड बेतलेली असते, त्यामुळे खांद्याची रेघ अतिशय मऊ दिसते. अडचण एवढीच, की अशी बाही काखेत आवळली तर हात वर होत नाही आणि सैल ठेवली तर तिथे कापडाचा बोंगा जमतो. यावर उपाय म्हणजे काखेत चीर देऊन पतंगाच्या आकाराचा एक तुकडा बसवणे, तोही उरेब. चिरेच्या टोकाशी माया जवळजवळ शून्य होते. तिथे टाका केसभर चुकला तर एकीकडे चुणी पडते आणि दुसरीकडे कापड सुटते. जाणत्या शिवणाऱ्या तिथे आधी पातळ रेशमाचा चिमुकला तुकडा आधाराला लावतात, एका कडेने टोकापर्यंत येतात, सुई कापडातच ठेवून कापड फिरवतात आणि दुसऱ्या कडेने खाली जातात. हात खाली असताना हे सगळे कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. मला चारही टोके एकदाही सारखी जमलेली नाहीत.

मंगळवार

गेल्या चार नोंदी वाचून पाहिल्या आणि वाटले, की जुने ते सगळे उत्तम, असा त्यांचा सूर लागला आहे. तसे नाही. आपल्यापुढे येतात ते वाचलेले कपडे. रोज घातलेले विटून, विरून, कापून मुलांच्या अंगाला किंवा पुसायला गेले. पेटीत राहिले ते क्वचित घातलेले, समारंभाचे, आणि मापाने लहान, म्हणून दुसऱ्या कोणाला न झालेले.

कापडाची लबाडीही तेव्हा होतीच. रेशमावरचा डिंक धुतला की त्याचे वजन सुमारे चौथ्या भागाने घटते. ते भरून काढायला, आणि पुष्कळदा त्याहूनही वाढवायला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी रेशमाला कथलाच्या क्षारांत बुडवत. असे रेशीम सळसळते सुंदर, पण कालांतराने पेटीत घडी करून ठेवलेलेही सरळ रेषांत फाटत जाते आणि त्यावर रफू चालत नाही, कारण टाका धरायला धागाच उरत नाही. १९३० च्या आसपासच्या काही टिकल्या जिलेटिनच्या आहेत. त्या पाण्याने किंवा घामाने अक्षरशः विरघळतात. १९२० च्या दशकातले मण्यांचे काम बऱ्याचदा आकड्याच्या सुईने, साखळी टाक्यात केलेले असते. एक दोरा तुटून ओढला गेला, की मण्यांची अख्खी ओळ घरंगळते.

आणि हे सगळे ज्यांनी शिवले त्यांचे काय? व्हिओनेने आपल्या कामगार स्त्रियांना भरपगारी रजा दिली, पेढीतच डॉक्टर आणि दंतवैद्य ठेवला. पण ती अपवाद होती. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. १४६ माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण स्थलांतरित मुली होत्या. त्या शिवत होत्या ते त्या काळचे लोकप्रिय ब्लाउज. हे कळल्यापासून त्या घाटाचा ब्लाउज हातात आला, की छातीवरच्या त्या बारीक समांतर चुण्या मोजताना माझा आकडा चुकतो.

निळा झगा आज पूर्ण झाला. जिच्यासाठी तो दुरुस्त करायचा होता, तिचे माप मूळ ओळीपेक्षा जास्त आणि सैल केलेल्या ओळीपेक्षा कमी आले, पण दोन्ही कुशी सारख्या नाहीत; डावीकडे थोडे अधिक सोडावे लागले. नवी शिवण त्या मानाने घातली, फितीचा एक हूक सरकवला, गाद्यांमधला गोळा झालेला कापूस मोकळा केला. जुन्या भोकांच्या ओळी ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून मिटवता आल्या असत्या. त्या राहू दिल्या. माया कापलेली नाही.