दोन दिवस खाल्ले एका कॅपिटल अक्षरानं

नागपूरच्या कळमन्यातल्या एका संत्रा व्यापाऱ्याचं जुनं बिलिंग एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं होतं. ८४ टेबलं. डेटा एका दुपारीच गेला, म्हटलं झालं काम.

मग खरेदीपावतीच्या टेबलावर साधी सिलेक्ट (डेटा वाचायची क्वेरी) मारली तर म्हणे असं टेबलच नाही. अरे, डाव्या बाजूला लिस्टमधे दिसतंय ना बाप्पा! परमिशन दिल्या, स्कीमा पाहिला, सर्च पाथ बदलला, सगळं पुसून परत इम्पोर्ट केलं, बाहेर ४५ डिग्री, कूलरचं पाणी संपलेलं आणि शेठचा दर तासाला फोन, "झालं का भाऊ?" असे दोन दिवस. शेवटी ऑफिसातली नवीन पोरगी मागून म्हणाली, "दादा, एररमधे नाव सगळं स्मॉलमधे काऊन दिसते?"

तेच होतं. क्वेरीत नावाला डबल कोट नसले की पोस्टग्रेस नाव आधी स्मॉल करतं आणि मग शोधतं, आणि डेटा हलवणाऱ्या मायग्रेशन टूलनं टेबलं बनवताना प्रत्येक नावाला डबल कोट लावलेले, म्हणजे आतली कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी पक्की. (ओरॅकल हा डेटाबेस उलटं, सगळं कॅपिटल करतं.) जुन्या सर्व्हरवर लहान-मोठ्या अक्षराचा फरकच पडत नव्हता, म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही. एरर पहिल्या मिनिटापासून खरं सांगत होता, मीच वाचला नाही, टूलपेक्षा जास्त राग त्याचाच येतो.

आता जन्मभर प्रत्येक क्वेरीत कोट कोण टाकणार, म्हणून सगळी नावं स्मॉल आणि अंडरस्कोरवाली केली. इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेसची स्वतःची नावांची यादी) नावं काढून अल्टरच्या, म्हणजे नाव बदलायच्या, ओळी एका क्वेरीनंच बनवा, हातानं नको. कॉलमही बदला, मी विसरलो होतो.

हां, युजर नावाचं टेबल असेल तर आधी ते बदला, पोस्टग्रेसमधे तो राखीव शब्द आहे. बिनकोटाची सिलेक्ट मारली तर एरर येतच नाही, एकच ओळ येते, तुमचं लॉगिनचं नाव! मला वाटलं डेटा उडाला.

लांब नावांचंही बघा, एसक्यूएल सर्व्हरवर १२८ कॅरेक्टर चालतात, पोस्टग्रेसवर ६३ बाइट, पुढचं नुसती नोटीस देऊन कापतं. आमच्या दोन इंडेक्सची (टेबलात पटकन शोधायच्या सूची) नावं शेपटीतच वेगळी होती, कापल्यावर सारखीच झाली आणि दुसरा बनेचना.

शेठला कॉलमची नावं देवनागरीत पाहिजे होती. चालतात, पण प्रत्येक अक्षराला ३ बाइट, काना-मात्रेचेही वेगळे ३, म्हणजे ६३ बाइटचा २१ चिन्हांमधे खेळ खलास. "मग बिलावर तर मराठी येईल ना?" येते म्हटलं, शेठ.