अडीचशेचा पैलवान, चार हजारांचा आखाडा

फायटर मासा स्वस्त असतो, यात खोटं काही नाही. कोल्हापुरात साधा लांब शेपटीचा नर दीडशेला मिळतो, जरा रुबाबदार हाफमून अडीचशे-तीनशेला. आम्ही अडीचशेचा आणला. त्याचं घर मांडणं धरून एकूण खर्च झाला ४,२३० रुपये. म्हणजे सगळ्या रकमेत खुद्द माशाचा वाटा सहा टक्केसुद्धा नाही.

मी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कॉस्टिंगला (खर्चाचा हिशेब काढायला) आहे. गिऱ्हाईक कास्टिंगचा किलोचा दर विचारतं आणि पॅटर्न, कोअर बॉक्स हे साच्याचं सामान आणि रिजेक्शन, म्हणजे बाद जाणारा माल, असा वरचा खर्च काढला की त्याचा चेहरा पडतो. त्यामुळं लेकीनं परीक्षा संपल्यावर फायटर मागितला, तेव्हा बायकोनं आधीच दम भरला, "अहो, आता त्या माशाचंही कोटेशन काढत बसू नका." बसलोच. वहीचं एक पान भरलं आणि तेच इथं मांडतोय, कारण ऑफिसातल्या दोघा-तिघांनी तरी ते मागितलंय.

पहिल्या दुकानात आमचं बिल साडेचारशेत उरकत होतं. मासा, गोल काचेचं भांडं, मूठभर निळे-गुलाबी खडे आणि दाण्यांची डबी. मी फिल्टरचं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "साहेब, फायटर हाय त्यो. त्याला पंप-बिंप काय लागत न्हाई. वाडग्यात टाका, बिनघोर ऱ्हातोय."

यातलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असलेलं बोलणंच जास्त महागात पडतं. फायटरच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक जादा अवयव असतो. त्याच्या जोरावर मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. आमचा दर थोड्या वेळानं वर येतो, टुपकन एक घोट हवेचा घेतो आणि खाली जातो. त्यामुळं पाण्यात ऑक्सिजन कमी असला म्हणून तो लगेच गुदमरत नाही. पण फिल्टर काही फक्त हवेसाठी नसतो. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो, आणि अमोनिया त्याला भाजून काढतो. मग तो हवा तोंडानं घेवो की कल्ल्यानं. फिल्टरच्या स्पंजवर जिवाणू वसतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी, ते आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. अडीच-तीन लिटरच्या भांड्यात हे जिवाणू नीट वसायला जागा नाही आणि अमोनिया विरळ व्हायला पाणी नाही.

"थायलंडात तो भाताच्या खाचरात राहतो की," असं आणखी एकानं ऐकवलं. राहतो. पण खाचर उथळ असलं तरी एकराचं असतं, आणि तिथलं पाणी उबदार असतं. (त्याच थायलंडनं २०१९ मध्ये या माशाला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. आपल्याकडं तो प्लास्टिकच्या पेल्यात विकतात.)

तर टाकी. किमान वीस लिटर पाणी मावावं हा आकडा मी धरला. तयार टाक्या बघितल्या, त्यांना प्लास्टिकची टोपी, त्यात दिवा, मागं समुद्राचं चित्र आणि किंमत दोन हजारांच्या पुढं. लक्ष्मीपुरीच्या बाजूला एक काचवाले मामा आहेत, त्यांच्याकडं गेलो. १५ बाय १०, उंची १२ इंच, पाच मिलिमीटर काच. ७५० रुपये सांगितले. वर झाकणाची चार मिलिमीटरची काच, वायर आणि नळीसाठी एक कोपरा कापून, १२०.

मामांचं काम बघत उभं राहण्यासारखं आहे. कटर काचेवरून एकदाच ओढतात, त्याचा कर्रर्र असा एकसारखा आवाज आला पाहिजे, मध्येच तुटला तर ती काच बाजूला. मग टेबलाच्या कडेवर धरून एक झटका, की रेघेवर दोन तुकडे. कडा ओल्या दगडानं घासल्या, म्हणजे हात घातला तर चिरणार नाही. जोडावर दोन्हीकडं टेप लावला, सिलिकॉनची रेघ भरली, बोटानं एका दमात ओढली आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढला. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. बाथरूमच्या टाइल्सना लावतात ते बुरशी न धरणारं सिलिकॉन यात चालत नाही, त्यातलं औषध माशाला बाधतं. हे मी विचारायच्या आधी मामांनीच सांगितलं, तेव्हाच ठरवलं की घासाघीस करायची नाही. दोन दिवस वाळवून, पाणी भरून, खाली वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवली. कागद कोरडा राहिला.

वरची दीड इंच जागा मोकळी आणि तळाची खडी सोडली तर त्यात बावीस-तेवीस लिटर पाणी राहतं. काच, पाणी, खडी मिळून वजन तीस-बत्तीस किलोच्या घरात जातं. आमच्या टीव्हीच्या युनिटचा मला भरवसा नव्हता, म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून एक इंची अँगलचा स्टँड करून घेतला. लोखंड, वेल्डिंग, रंग मिळून ८००. माणूस मागं लागून मापापेक्षा जाड अँगल लावत होता. कोल्हापुरात काहीही करायला दिलं की ते ट्रॅक्टरचं वजन पेलेल असंच करतात. घरात दगडी कट्टा असेल तर हे आठशे सरळ वाचतात. काचेखाली थर्माकोलचा पत्रा मात्र घाला, म्हणजे उंचसखलपणा काचेला लागत नाही.

आता जिथं पैसे वाचवायचे नाहीत ती वस्तू, म्हणजे हीटर. फायटरला २४ ते २८ अंश पाणी लागतं. आपल्याकडं लोकांना वाटतं, कोल्हापुरात कसली थंडी! डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरावर येतो. त्या दिवसांत घरातल्या बादलीत थर्मामीटर घालून बघा. आमच्याकडं वीसच्या आसपास दाखवत होता. अशा पाण्यात मासा मरत नाही लगेच, पण तळाशी बसून राहतो, खात नाही, मग पर कुजायला लागतात, मग औषधं आणा. ५० वॉटचा, थर्मोस्टॅटवाला हीटर ५५०ला. २६ अंशांवर लावून ठेवलाय. थर्मामीटर वेगळा घ्या, ९० रुपये, कारण हीटरच्या चकतीवरचा आकडा आणि पाण्यातला आकडा यांचं जमेलच असं नाही.

स्पंज फिल्टर १८०, हवेची मोटर ३२०. नळी, हवा कमी-जास्त करायची चावी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मिळून ६०. यातला व्हॉल्व्ह विसरू नका. मोटर पाण्याच्या पातळीखाली ठेवली आणि लाइट गेली, तर पाणी नळीतून उलटं येऊन मोटरीत आणि तिथून फरशीवर. हे सायफनचं गणित आहे, आणि आमच्या भागात सोमवारी लाइट जातेच. फायटरला जोराचा प्रवाह सोसत नाही, लांब परांमुळं तो ढकलला जातो, म्हणून चावीनं बुडबुडे अगदी मंद ठेवायचे.

खडी चार किलो, १६०. साधी, बारीक, काळपट. चमकदार रंगीत खडे मला नकोच होते. नदीची वा इतर कुठली आणायची असेल तर वर लिंबू पिळून बघा, फसफसली तर त्यात चुना आहे, टाकीत घालू नका. झाडं ३००ची: अनुबियास, जावा फर्न आणि एक जुडी विस्टेरिया. पहिल्या दोघांचं आडवं खोड खडीत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं. त्यांना फारसा उजेडही लागत नाही, त्यामुळं दिव्याचा खर्च शून्य. प्लास्टिकच्या झाडांनी फायटरचे पर फाटतात, ती फुकट दिली तरी घेऊ नका. राजवाडा, खजिन्याची पेटी, तोंड उघडणारा शिंपला हे सगळं लेकीला हवं होतं. एका मडक्याच्या तुकड्यावर तडजोड झाली.

पाण्याकडं वळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात, नदी गढूळ झाली की, त्याचा वास घरात घुसतो. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतं आणि फिल्टरचे जिवाणूही मारतं. अँटिक्लोरीनची बाटली १२०ला येते आणि एवढ्या टाकीला वर्षभर पुरते. बादली एक दिवस उघडी ठेवली तरी साधं क्लोरीन उडून जातं, पण थेंब घालणं सोपं. पावसाळ्यात मी एक झाकणाची टाकी भरून ठेवतो. २०१९ आणि २०२१च्या महापुरात उपसा केंद्रं पाण्यात जाऊन शहराचे नळ बंद पडले होते. माणसांना टँकर येतो, माशासाठी कोण पाठवणार?

अमोनिया तपासायचं किट ३८०. बायकोच्या मते ही चैन. माझ्या मते यादीतली हीच एक वस्तू बाकी सगळी नीट बसलीय की नाही हे सांगते. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळं राहिलं तर ठीक, हिरवटलं तर अमोनिया आहे. टाकी भरल्यावर मासा लगेच आणायचा नसतो. चिमूटभर दाणे टाकून जिवाणूंना अमोनिया द्यायचा आणि ते वाढेपर्यंत थांबायचं. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लेकीनं हा काळ रिकाम्या टाकीला रोज शिव्या घालत काढला. आबा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला "पाणी पाळलंय" म्हणून दाखवत. शेवटी एका मित्रानं त्याच्या जुन्या टाकीतला स्पंज आमच्या टाकीत पिळून दिला. ते काळं, गाळाचं पाणी बघून घरातल्या बायकांनी नाकं मुरडली, पण त्यात तयार जिवाणू होते आणि पुढचं काम लवकर उरकलं. खर्च, एक कटिंग चहा.

फुकटातली दुसरी वस्तू म्हणजे देशी बदामाची पानं. ऑनलाइन दहा पानांचं पाकीट दोनशेच्या आसपास विकतात! आमच्या गल्लीच्या तोंडाला झाड आहे, खाली ढीग पडलेला असतो. स्वतःहून गळलेलं, तपकिरी, कोरडं पान, फवारणी नसलेल्या जागेचं. धुऊन एक टाकायचं. पाण्याला तपकिरी झाक येते, ते किंचित आम्लधर्मी होतं आणि फायटरला ते मानवतं. बायकोनं पहिल्यांदा बघून विचारलं, "यात चहा कुणी ओतला?"

दाण्यांची डबी १५०. दोन वेळा दोन-तीन दाणे. त्याचं पोट अगदी एवढंसं असतं, हे घरातल्या प्रत्येकाला बजावून सांगावं लागतं, कारण तो काचेपाशी येऊन असा काही नाचतो की आबांना वाटतं कुणी खायलाच घातलं नाही. नावही आबांनीच ठेवलंय, पैलवान. त्यांचं अर्धं तारुण्य खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात गेलं. "जोड आणा की याला," म्हणून मागं लागले होते. दोन नर एका टाकीत ठेवले तर एक मरेपर्यंत किंवा फाटेपर्यंत लढतात, आणि मादीसुद्धा कायमची बरोबर ठेवता येत नाही. पैलवान एकटाच राहणार.

हे झालं टूलिंग, म्हणजे एकदाच करायचा खर्च. आता रनिंगचं, म्हणजे चालू खर्चाचं सांगतो. मोटर तीन वॉटची, दिवसरात्र चालून महिन्याला दोन युनिट. हीटर थंडीत बंद-चालू होत दिवसाला आठेक तास चालतो, म्हणजे महिन्याला बारा युनिट. आमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट बाराच्या आसपास पडतं, म्हणजे थंडीत महिन्याला एकशे सत्तर, उन्हाळ्यात पंचवीस, पावसाळ्यात मधलं काहीतरी. दाणे आणि अँटिक्लोरीन धरून वर्षाला अकराशे-बाराशे. फायटर नीट ठेवला तर साधारण तीन वर्षं जगतो. उभारणीचा खर्च तीन वर्षांवर वाटला तर सगळं मिळून महिन्याला दोनशे ते सव्वादोनशे पडतात. टाकी आणि स्टँड त्यानंतरही राहतातच, पण घसारा मी शंभर टक्के धरलाय. कॉस्टिंगवाल्यानं आशावादी असू नये.

ज्यांना यात काटायचंय त्यांनी स्टँड काटावा, झाडं मित्राकडून आणावीत, दीडशेचा मासा घ्यावा. तीन हजारांच्या आसपास बसतं. दीड हजारांत बसवा म्हणणाऱ्याला मी ऑफिसात देतो तेच उत्तर देतो: रेग्रेट, म्हणजे या भावात जमणार नाही. त्याला गप्पी पाळायला सांगतो. आणि हीटर कितीही चांगला घेतला तरी पाणी बदलायच्या आधी प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, मगच पाणी उपसा. गरम हीटर पाण्याबाहेर राहिला तर त्याची काच तडकते, आणि साडेपाचशे रुपये पुन्हा जातात.